तुटायची पिन

२ फेब्रुवारी

लेथची पिन तुटली आहे, आणि ती नवीन करायची तर लेथच हवा! तामिओ पुरता शुद्धीत असता तर पोट धरून हसला असता.

हॉस्पिटलमध्ये आज दहा मिनिटं आत सोडलं. नळ्यांच्या गर्दीत त्याचा चेहरा शोधावा लागला. मी म्हटलं, घरी सगळं ठीक आहे, काळजी करू नको. त्याने डोळे किलकिले केले आणि विचारलं काय, तर — "कॅरेज थांबलं होतं का?" छाती उघडून शिवली आहे नवऱ्याची, आणि याला कॅरेजची पडली आहे!

थांबलं नव्हतं, लेथवरचं टूल घेऊन सरकणारं ते कॅरेज. तो छाती धरून लेथसमोर खाली बसला तेव्हा कॅरेज आपोआप सरकवणारी फीड चालूच होती. मला काही दिसलं नाही. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही असेच पाठीला पाठ लावून काम करतो — लेथ त्याचा, मिलिंग मशीन माझं. कॅरेज सरकत सरकत तुकडा धरून फिरणाऱ्या चकला जाऊन भिडलं, 'टक्' असा आवाज झाला आणि मी वळले. तो 'टक्' म्हणजे पिन. बोटाच्या पेराएवढी, पितळेची, मधे मुद्दाम बारीक केलेली. जोर फार झाला की ती तुटते, म्हणून बाकीचं मशीन वाचतं. ती तुटली नसती तर मी वळले नसते.

"तू ये, लेथ चालू करून ठेवते," असं त्याला बोलून बसले. माझी जीभ! तो लेथ बनवणारी कंपनी कधीच बुडाली. समोरच्या निशिवाकींनी गेल्या वर्षी त्यांचा लेथ काढून टाकला आणि तिथे गाड्यांचं पार्किंग केलं. आणि परक्या वर्कशॉपात जाऊन पिन करून आणली तर तामिओ महिनाभर तोंड फुगवून बसेल.

मिलिंगवर करून बघते.


३ फेब्रुवारी

मांडणी केली. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आडवा पडून फिरतो आणि टूल त्याच्याकडे जातं. माझ्या मशीनवर टूल फिरतं, जॉब गप्प बसतो. मग आज अदलाबदल केली. पितळेची कांडी वर स्पिंडलमध्ये, फिरत्या दांड्यात, धरली, ती डोकं खाली करून लटकली. लेथचं टूल खाली टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळलं. जे फिरायचं ते थांबलेलं, जे थांबायचं ते फिरतंय. टूल चुकीच्या बाजूला तोंड करून बसलं, पण पुन्हा खोलायचा कंटाळा आला, म्हणून स्पिंडलच उलटं फिरवलं. कापलं जातंय ना? झालं तर!

सासूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर संत्री सोलत बसल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या. वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवत नाहीत, पण त्या पायरीवरून त्यांना सगळं दिसतं.

"काय गं ते उलटं टांगलंयस?"

सांगितलं.

"आणि फिरतंयही उलटं?"

"हो आई. तसंच कापलं जातं."

हातातली फोड तशीच राहिली. "फुमियो, उलटं कुणासाठी करतात ठाऊक आहे ना? किमोनोची उजवी बाजू वर, थंड पाण्यात गरम पाणी, डोकं उत्तरेला. मेलेल्यासाठी. घरातलं माणूस तिकडे असं पडलेलं असताना तू हे करतेस?"

मी म्हटलं, "आई, पितळेला कळत नाही कोण मेलं नि कोण जगलं."

"पितळेला कळायला कशाला हवं?" म्हणाल्या.

संध्याकाळी सणाचे भाजलेले सोयाबीन दारात फेकले. सैतान बाहेर, भाग्य आत! दोघीच. सैतान व्हायला दर वर्षी तामिओ असतो.


५ फेब्रुवारी

पहिली पिन टोकाकडे निमुळती आली. दुसरी मधल्या खाचेत हातातच मोडली. तुटायचीच पिन, पण लावायच्या आधी?

लेथला हात लावलेला नाही. त्याने अर्धवट कापलेला जॉब चकमध्ये तसाच आहे, आणि टूलच्या टोकाला शेवटच्या कापाचा कीस लोंबतोय. झाडायला गेले तर सासूबाई पायरीवरून ओरडल्या, "राहू दे! तो येऊन पुरा करेल."

काम करताना सारखं मागे वळून बघते. मागे आवाज नाही, याची सवय होत नाही. आज एकदा वाटलं की कीस हलतोय. दार उघडं होतं, वारा असेल.


७ फेब्रुवारी

त्याला साध्या खोलीत हलवलं म्हणून आनंदाने गेले, तर ताप. टाक्यांपाशी पू झालाय म्हणे. घरून नेलेला सुती किमोनो मीच त्याला घातला. घामाने चिंब झाला होता, अंग पुसलं, बाह्या घातल्या, नाडी बांधली. तेवढ्यात नर्स आली आणि जवळजवळ किंचाळलीच — "अहो बाई! उलटं घातलंत!"

उजवी बाजू वर.

समोर उभी राहून घातलं ना, म्हणून डावं-उजवं फिरलं. आरशात होतं तसं. दुसरं काय? नर्सने झटकन सोडून नीट बांधलं आणि हसून म्हणाली, "होतं असं कधी कधी." पण हसताना माझ्याकडे बघत नव्हती.

तामिओ म्हणाला, "पिन झाली?" म्हटलं, होतेय. घरी आल्यावर सासूबाईंना किमोनोचं सांगितलं. सांगायला नको होतं. त्या तामिओच्या वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून कितीतरी वेळ बसून राहिल्या.


८ फेब्रुवारी

ताप अडतीस. तिसरी पिनही वाया.


१० फेब्रुवारी

घरात काहीतरी बिनसलंय.

सासूबाईंना आंघोळीच्या आधी पाय शेकायला घमेलं लागतं. मी गरम पाणी काढते आणि वरून विसण घालते, नेहमीचंच. आज मी यायच्या आतच त्यांनी घमेल्यात नळाचं गार पाणी भरून ठेवलं होतं, आणि किटलीतलं कढत पाणी त्यात ओतत होत्या. हळूहळू, बारीक धारेने. "आई, उलटं झालं," मी म्हटलं. "हो का?" म्हणाल्या, आणि ओतत राहिल्या.

दारातल्या त्यांच्या सपाता डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. मी सरळ केल्या. बाजारातून आले तर पुन्हा तशाच.

डोकं चळलंय का म्हातारीचं? मुलगा असा पडल्यावर कुणाचंही चळेल. पण भाजीला मीठ लागतं तेवढंच घालतात, टीव्हीवर पुढच्या महिन्यात ओसाकाला होणाऱ्या सुमोच्या बातम्या आल्या तर पहिलवानांची नावं माझ्याआधी सांगतात. चळलेल्या माणसाचं असं असतं?

हे लिहितानाही मान वळवून दाराकडे बघितलं. भित्री नाहीये मी! पण बघितलं.


११ फेब्रुवारी

आता कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. रोज संध्याकाळी अंथरूण मी घालते, उशी कपाटाकडे, म्हणजे दक्षिणेला. आज उशी खिडकीकडे, उत्तरेला होती. सासूबाई उताण्या, ताठ, हात छातीवर जुळवलेले. रात्रीच्या किमोनोची उजवी बाजू वर. खिडकीतून पांढरा उजेड तोंडावर. मी उंबऱ्यातच थिजले. चहा ट्रेमध्ये सांडला.

मग त्यांनी डोळे उघडले.

"मेले नाही अजून. ठेव चहा."

"आई, हे — हे काय चाललंय?"

"तू तिकडे मशीनवर करतेस तेच. दार तू उघडलंस. किमोनोसुद्धा तूच घातलास त्याला उलटा." रागाने नव्हत्या म्हणत. भाजी महाग झाली म्हणावं तसं. "दार उघडलं की कुणीतरी न्यायला येतंच. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्याने इकडे बघावं म्हणून मी हे मांडलंय. मी जाते, तामिओला ठेवू दे."

"असं काही नसतं!"

"नसतं ना? मग चहा का सांडलास?"

मी ट्रे खाली ठेवला. त्यांनी उठून बसत चहा घेतला, फुंकर मारून, चवीने. म्हणाल्या, "ती पिन कशासाठी असते म्हणालीस?"

"तुटायसाठी."

"बघ की," म्हणाल्या.

दिवसभर मशीन चालू केलं नाही. मला त्यांचा राग आला, खूप राग आला, आणि रागावून रडू आलं. या बाईने लग्नानंतर पहिली दहा वर्षं माझ्या सूपला नावं ठेवली. आणि मी म्हणजे काय, त्यांना असं जाऊ देईन?


१२ फेब्रुवारी

अंथरूण दक्षिणेला घातलं आणि माझंही शेजारी घातलं. "हललात तर मला कळेल," म्हटलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. "पोराचा जीव घेशील," एवढंच बोलल्या. किमोनो मी स्वतः नीट करून बांधला, डावी बाजू वर, लहान मुलीला बांधावा तसा. हाडंच राहिलीत.


१३ फेब्रुवारी

हॉस्पिटलमधून सकाळीच फोन. रात्रीत ताप साडेएकोणचाळीस. थंडी वाजून दात वाजत होते म्हणे. गेले तर मला ओळखलं नाही. हवेत हात फिरवत होता, कॅरेजचं चाक फिरवतात तसा. सारखं तेच. डॉक्टर बाहेर घेऊन गेले. तरुण आहेत, माझ्या नजरेला नजर देईनात. "घरच्यांना कळवून ठेवा. पुढचे दोन-तीन दिवस..." वाक्य पुरं केलं नाही.

घरच्यांना म्हणजे कुणाला? घरी एक म्हातारी आहे आणि एक मी.

आल्यावर सासूबाईंनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं.

मला ठाऊक आहे हा योगायोग आहे. पू झाला की ताप चढतो. ठाऊक आहे मला!


१४ फेब्रुवारी

आज मी वर माझ्या खोलीत झोपतेय.


१५ फेब्रुवारी

ताप अडतीसवर आला. नवीन औषध लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंच्या खोलीत मी सकाळी डोकावले नाही. चहा दाराबाहेर ठेवला.


१६ फेब्रुवारी

सदतीस! पेज प्यायला. वर म्हणाला की मीठ कमी आहे. त्या बेचव पेजेला नावं ठेवणारा माणूस मरत नसतो!

घरी येऊन सरळ मशीनपाशी गेले. आधी टूल खोललं आणि नीट तोंड करून बसवलं, म्हणजे स्पिंडल सरळ फिरेल. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आळस नडला. मग टेबल वर चढवण्याऐवजी स्पिंडलच खाली उतरवत गेले, हळूहळू, थेंब थेंब तेल टाकत. निमुळतेपणा गेला! शेवटी मधली खाच. श्वास धरून. पितळेचा कीस केसासारखा बारीक निघत होता. मायक्रोमीटर लावला, तंतोतंत. पिन हातात घेतली तेव्हा गरम होती.

सासूबाई पायरीवर होत्या. "आज सरळ फिरतंय वाटतं," म्हणाल्या.

"हो आई. टूल फिरवलं."

"मग काप नीट येतो?"

"जास्तच नीट."

हात पुढे केला म्हणून दिली. उजेडात धरून बघितली, खाचेवरून नख फिरवलं, पदार्थ चाखतात तशी जिभेलाही लावली! "छान झालीय गं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाला छान म्हणाल्या नव्हत्या. मग कितीतरी वेळ ती मुठीत धरून बसल्या. "लेथ फिरायला लागला की पुन्हा तो आवाज येईल," म्हणाल्या. "मला त्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही."

पिन लेथला बसवली नाही. ते तामिओने करायचं.


१७ फेब्रुवारी

छत्तीस आणि काही. डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

आज सासूबाईंनी मी उठायच्या आत स्वतःचं अंथरूण घडी घालून कपाटात ठेवलं होतं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा बघितलं. दुपारी हॉस्पिटलमधून परत आले तर वर्कशॉपमधल्या फोनपाशी उभ्या. वर्कशॉपमध्ये! "कुणाचा होता?" विचारलं तर दचकल्या. "कुणाचा नाही. धूळ पुसत होते." गाल लाल झालेले. कशाला विचारू? त्यांचं काय चाललंय ते मला माहीत आहे, आणि मी गप्प आहे हे त्यांना माहीत आहे. एका घरात दोघी चोर.

संध्याकाळी अंथरूण घालायला गेले. उशी हातात घेऊन उभी राहिले. मी दक्षिणेला घालणार, मग या बाई कंबर धरून वाकणार, अख्खं अंथरूण ओढून फिरवणार. एवढं ढोंग कशाला? ताप उतरलाय. आत्ता कुठे उतरलाय.

मीच उत्तरेला घातलं.

मागे वळले तर सासूबाई दारात, संत्र्यांची पिशवी घेऊन. उशीकडे बघत होत्या. किती वेळ ते सांगता येत नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "तुमची कंबर दुखते ना, म्हणून."

"बरं," म्हणाल्या.

पिशवी खाली ठेवली आणि आडव्या झाल्या.


१८ फेब्रुवारी

सासूबाई गेल्या. झोपेतच. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा गार झाल्या होत्या.

डोकं उत्तरेला, मी घातलं तसंच. हात मात्र छातीवर नव्हते. पांघरुणाची कड धरलेली होती, दोन्ही मुठींनी. आणि किमोनोची डावी बाजू वर होती. सरळ, जिवंत माणसाचा असतो तसा. घाईत राहून गेलं असेल.


२० फेब्रुवारी

सगळं उलटं केलं, करायचंच असतं. गार पाण्यात गरम ओतून अंग पुसलं, पांढऱ्या किमोनोची उजवी बाजू वर घेतली. अंत्यविधीचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला सांगावं लागत नाही काही." निशिवाकी आले होते, म्हणाले, "सोनं झालं म्हातारीचं, वहिनी. मुलगा बरा होतोय एवढं बघून गेली." मी मान हलवली.

तामिओला डॉक्टरांसमोर सांगितलं. तो रडला, पण ताप चढला नाही.

सुमोचं तिकीट आलं पोस्टाने. एकच आहे. सासूबाईंनी कधी मागवलं कोण जाणे. म्हातारी माणसं विसरतात, काय मांडून बसलोय ते.


८ मार्च

तामिओ घरी आला. बसूनच पिन बसवली, मी टॉर्च धरला. लेथ सुरू झाला आणि त्याने तो अर्धा जॉब पुरा केला. मग चहा पिताना म्हणाला, "आईने सतराला दुपारी फोन केला होता. स्वतःहून! म्हणाली, काल मी उशी पुन्हा दक्षिणेला केली रे, भीती वाटायला लागली, मला सुमो बघायचीय. फुमियोला सांगायची लाज वाटते, तूच सांग. मी औषधाच्या गुंगीत होतो गं, सांगायचं राहिलंच. पण उशीचं काय होतं ते?"

काही नाही, म्हटलं.

त्या संध्याकाळी अंथरूण मी उत्तरेला घातलं होतं.